सायकलीची वाट आणि बसचा थांबा



महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या एस. टी. फाट्यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत एक दृश्य हमखास दिसे. फाट्यावरच्या हॉटेलाच्या कुडाला किंवा कडुलिंबाच्या बुंध्याला पाच-दहा सायकली टेकवून ठेवलेल्या असत. दोन-तीन मैलांवरच्या वाडीवस्तीवरून माणसे सायकलीने फाट्यापर्यंत येत, हॉटेलवाल्याच्या भरवशावर सायकल ठेवीत आणि एस. टी.ने तालुक्याच्या गावी कचेरीत, बाजारात अथवा कॉलेजात जात. सायंकाळच्या गाडीने परतल्यावर तीच सायकल त्यांना घरी पोहोचवी. ही व्यवस्था कोणी आखली नव्हती आणि तिच्यासाठी कोणते अंदाजपत्रकही मंजूर झाले नव्हते. जवळचे अंतर सायकलीने कापावे, लांबचे बसने, आणि दोहोंची गाठ पडते त्या जागी सायकलीची राखण व्हावी, एवढाच तिचा अर्थ होता. आजचे वाहतूकतज्ज्ञ ज्याला एकात्मिक वाहतूक म्हणतात, ते याहून फारसे निराळे नाही.

शहरात मात्र हीच दोन साधने एकमेकांच्या वाटेत उभी राहतात. सायकलमार्ग हवा की बससाठी राखीव मार्गिका हवी, असा प्रश्न महानगरपालिकेच्या सभेत येतो. रस्त्याची रुंदी तेवढीच असते, निधी तेवढाच असतो आणि दोन्हींचे पुरस्कर्ते आपापली बाजू हिरिरीने मांडतात. या वादात कित्येकदा दोन्ही कामे अर्धवट राहतात. पुणे शहराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढाच रस्त्यावर येई. सायकलीवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेले तर पोलीस अडवीत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. प्राध्यापक, कारकून, कामगार आणि विद्यार्थी या सर्वांचे ते समान वाहन होते. पेठा, छावणी आणि डेक्कनचा परिसर ही सारी अंतरे तीन-चार मैलांच्या आतली असल्याने सायकल पुरेशी होती. १९५० साली पुण्याला महानगरपालिका लाभली आणि त्याच वर्षी पी. एम. टी.ची बससेवा सुरू झाली. त्या काळी बस आणि सायकल यांचे भांडण नव्हते, कारण रस्त्यावर तिसरे कोणी फारसे नव्हते.

हे तिसरे वाहन पुढे आले. प्रथम स्कूटर, मग मोटारसायकल आणि त्यानंतर मोटार. शहर हडपसर, कात्रज, कोथरूड, औंध असे चहूकडे पसरले. अंतर वाढले तसे सायकल दमवू लागली, आणि वाढलेल्या वस्तीच्या मानाने बस पुरेनाशी झाली. ज्याला परवडले त्याने दुचाकी घेतली. २०१८ मध्ये शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक झाल्याचे जाहीर झाले. सायकल चालवीत राहिला तो मुख्यत्वे दुसरा उपाय नसलेला माणूस. रात्रपाळीचा पहारेकरी, बांधकामावरचा मजूर, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा आणि शाळकरी विद्यार्थी हे त्यांपैकी होत. सायकलमार्ग हा हौशी लोकांचा विषय आहे असे जे म्हटले जाते, ते या माणसांकडे पाहिले म्हणजे टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कोणत्या साधनाने जातात याची नोंद झाली. शेती आणि घरगुती उद्योग वगळून अन्य कामकऱ्यांत सुमारे १३ टक्के लोक सायकलने, तर सुमारे ११ टक्के बसने जात असल्याचे देशभराच्या आकड्यांतून दिसले. ज्यांच्यासाठी नगररचना करावयाची, त्या लोकांत या दोन वर्गांचा वाटा असा मोठा आहे.

डाव्या कडेचा तंटा

बस आणि सायकल यांच्यात खरी अडचण कोठे येते, हे रस्त्यावर उभे राहून पाहिल्यासच ध्यानात येते. आपल्याकडे सायकलस्वाराने डाव्या कडेने जावे असा नियम आहे आणि बसचा थांबाही डाव्या कडेलाच असतो. बस थांब्याकडे वळते तेव्हा ती सायकलस्वाराची वाट कापते. सायकलस्वार बसला वळसा घालून रस्त्याच्या मध्याकडे सरकतो आणि मागून येणाऱ्या वेगवान वाहनांपुढे येतो. थांब्यावरून बस सुटताना हाच प्रसंग उलट्या क्रमाने घडतो. बसचालकाला सायकल अडथळा वाटते, सायकलस्वाराला बस काळासारखी वाटते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. दोष त्यांना एकाच चिंचोळ्या पट्टीत लोटणाऱ्या आखणीचा आहे.

यावर दोन उपाय सर्वत्र वापरले गेले आहेत. सायकलमार्ग थांब्याच्या मागून, म्हणजे थांबा आणि पदपथ यांच्या मधून, वळवून न्यावा, हा पहिला. प्रवाशाला बस धरण्यापूर्वी दोन मीटरांची सायकलपट्टी ओलांडावी लागते, पण बस आणि सायकल यांची गाठ पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे बसची मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी नेणे. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट आणि हडपसर यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर देशातील पहिली जलद बसवाहतूक योजना सुरू झाली, ती या दुसऱ्या प्रकारची होती. त्याच वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले होते. रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार व्हावा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. बस मध्यावर गेल्याने डावी कड मोकळी झाली आणि तेथे सायकलमार्ग आखण्यात आले. कागदावर ही रचना अचूक होती.

प्रत्यक्षात काय घडले? मध्यावरील थांब्यापर्यंत जाण्यासाठी प्रवाशाला वेगवान वाहनांचा ओघ ओलांडावा लागू लागला, आणि ते सुरक्षित करणारी व्यवस्था अनेक ठिकाणी अपुरी पडली. सायकलमार्ग झाले, पण ते सलग राहिले नाहीत. कोठे विजेचा खांब, कोठे रोहित्र, कोठे दुकानाचा फलक, कोठे चढण्या-उतरण्याच्या जागी उताराऐवजी पायरी, आणि जवळपास सर्वत्र उभ्या केलेल्या दुचाक्या. दोनशे मीटर जाऊन मुख्य रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर सायकलस्वार त्या मार्गावर चढतच नाही. मग रिकामा मार्ग पाहून लोक म्हणतात, सायकली आहेतच कोठे? पुलावरून नदी ओलांडणारी माणसे मोजावी लागतात. पूल नसताना पोहून जाणाऱ्यांवरून पुलाची गरज ठरवली तर ती शून्यच येईल.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. त्याच नगर रस्त्यावर २०१६ साली जलद बससेवेची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली आणि २०२३ साली तिचा काही भाग काढून टाकण्यात आला. वाहतुकीची कोंडी हे कारण सांगण्यात आले. मार्गिका काढल्याने मोटारींना जागा मिळाली, हे खरे. परंतु बसमधील प्रवाशाला त्या मोटारींच्या रांगेत उभे राहावे लागले, हेही तितकेच खरे.

उभ्या मोटारीचा हिशेब

रस्त्याच्या रुंदीचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक अभियंत्याने व लोकप्रतिनिधीने एकदा कागदावर मांडून पाहावा. रस्ता ३० मीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजूस अडीच मीटरांचा पदपथ, दोन मीटरांचा सायकलमार्ग आणि साडेतीन मीटरांची बसमार्गिका द्यावी. दोन्ही बाजूंचे मिळून १६ मीटर झाले. उरलेल्या १४ मीटरांत एक मीटरचा दुभाजक धरूनही प्रत्येक दिशेला इतर वाहनांच्या दोन ओळी बसतात. येथे तंट्याला जागाच नाही.

रस्ता १८ मीटरांचा असेल तर प्रश्न कठीण होतो. दोन-दोन मीटरांचे पदपथ आणि सायकलमार्ग दिल्यावर दहा मीटर उरतात. त्यांतून दोन बसमार्गिका काढल्या तर इतर वाहनांना तीन मीटर राहतात, आणि ते व्यवहार्य नाही. म्हणून लोक म्हणतात की दोहोंपैकी एकाला सोडावे लागेल. पण अशा रस्त्यावर आज प्रत्यक्षात काय आहे हे पाहावे. दोन्ही बाजूंना मोटारींची एकेक रांग दिवसभर उभी असते. एक रांग दोन मीटर जागा घेते, म्हणजे बरोबर एका सायकलमार्गाची जागा. दोन्ही रांगा हटविल्यास सायकलींना त्यांची वाट मिळते आणि मधल्या दहा मीटरांत बसला न अडखळता जाता येते, मग तिला स्वतंत्र मार्गिका नसली तरी चालते. बस आणि सायकल ज्या तुकड्यासाठी भांडतात, तो तुकडा न चालणाऱ्या वाहनाने आधीच घेतलेला असतो. या तिसऱ्या पक्षाला सभेत कोणी बोलावीत नाही.

वाहने उभी करण्यास मनाई करणे लोकप्रिय होत नाही. दुकानदारांचा विरोध असतो आणि त्यात केवळ हट्ट नसतो. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती असते. यावर मालाच्या चढ-उतारासाठी सकाळची ठरावीक वेळ देणे, जवळच्या मोकळ्या जागेत सशुल्क वाहनतळ उभारणे, आणि बदल सर्व रस्त्यांवर एकाच दिवशी न लादता एकेका रस्त्यावर करून दाखविणे, हे मार्ग आहेत. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात पदपथ रुंद करून रस्त्याची नव्याने रचना झाली. ती पाहून इतर भागांतील नागरिकांनाही असा बदल कसा दिसतो याची कल्पना आली.

बारा मीटर किंवा त्याहून अरुंद अशा पेठांतील रस्त्यांवर मात्र स्वतंत्र मार्गाचा आग्रह धरू नये. तेथे वाहनांचा वेग कमी करणे हीच सायकलीची सोय आहे. एकदिशा मार्गाच्या नियमातून सायकलीला सूट देता येईल का, याचाही विचार व्हावा. एकदिशा वळशाने इंजिनाला काही होत नाही, पाय मात्र दमतात.

पाच मिनिटे पायी, दहा मिनिटे सायकलीने

सायकलमार्ग बसच्या रस्त्यालाच समांतर नेला तर तो बसचे प्रवासी पळवतो आणि बसच्या रस्त्याकडे नेला तर प्रवासी आणून देतो. या विषयातील मुख्य मुद्दा हाच आहे. त्याचाही हिशेब करता येतो. माणूस बससाठी साधारण अर्धा किलोमीटर चालतो. थांबा केंद्र धरून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात पाऊण चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र येते. सायकलीने तोच माणूस दहा मिनिटांत अडीच किलोमीटर येऊ शकतो. त्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे साडेएकोणीस चौरस किलोमीटर भरते, म्हणजे पंचवीसपट. नवी बस न घेता, नवा थांबा न बांधता एका थांब्याचा लाभ पंचवीसपट क्षेत्राला मिळू शकतो. अट एवढीच की थांब्यापर्यंतची वाट निर्धोक असावी आणि थांब्यावर सायकल सुरक्षित राहावी. जेथे दर दहा मिनिटांनी बस येते अशा थांब्यालाच हे लागू पडते, हेही ध्यानात ठेवावे. तासाने येणाऱ्या बससाठी कोणी सायकल ठेवून उभा राहणार नाही. म्हणून बसफेऱ्या वाढविणे आणि सायकलमार्ग बांधणे ही कामे एकाच नकाशावर आखली पाहिजेत.

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग सुचविण्यात आले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींचे उपक्रमही सुरू झाले, पण ते काही वर्षांतच बंद पडले. आराखड्यातील लांबी पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो रेल्वे सुरू झाली. २०२३ मध्ये ती जिल्हा न्यायालय आणि रुबी हॉलपर्यंत व २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. या प्रत्येक स्थानकाभोवती अडीच किलोमीटरांचे वर्तुळ काढून त्यातील वाटा आधी हाती घ्याव्यात. कोठून प्रारंभ करावा याचे उत्तर तेथे आहे.

परदेशातील दोन उदाहरणांचा उल्लेख पुरेसा होईल. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे एनरिके पेन्यालोसा हे महापौर असताना, १९९८ ते २००० या काळात, जलद बसव्यवस्था आणि सायकलमार्गांचे जाळे ही दोन्ही कामे बरोबरीने हाती घेण्यात आली. टोकाच्या काही बसस्थानकांवर सायकली ठेवण्याची सोय करण्यात आली. नेदरलँड्समध्ये १९७३ च्या तेलटंचाईनंतर सायकलीकडे पुन्हा लक्ष गेले. त्या देशात गर्दीच्या वेळी आगगाडीत सायकल चढवू देत नाहीत, ती स्थानकावर ठेवावी लागते. उत्रेख्त शहराच्या स्थानकाखाली २०१९ मध्ये पूर्ण झालेला १२,५०० सायकलींचा तळ या नियमाच्या पूर्ततेसाठीच उपयोगी पडतो. आपल्याला एवढा मोठा तळ नको. छप्पर, दिवा, कुलूप अडकविता येईल असा लोखंडी दांडा आणि एक राखणदार पुरे.

फेरफटक्याचा मार्ग आणि येण्याजाण्याचा मार्ग यांतही भेद केला पाहिजे. तलावाकाठी किंवा नदीकाठी रम्य सायकलमार्ग बांधण्याचा मोह होतो, कारण तेथे कोणाची दुकाने हटवावी लागत नाहीत. मुंबईत पवई तलावाकाठचा असा मार्ग मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविला. जलाशयाचे काठ ही रिकामी जमीन नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. कालव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा पुणे शहरातून स्वारगेटजवळून हडपसरकडे जातो. कालव्याला चढउतार नसतो, त्यामुळे त्याच्या काठची वाट सायकलीला अत्यंत सोयीची. परंतु ती स्वारगेट आणि हडपसर येथील बसथांब्यांना जोडलेली असेल तरच कामावर जाणाऱ्याच्या उपयोगाची. अन्यथा ती सकाळच्या व्यायामापुरती राहील.

खेड्यातील मुलीचा प्रवास

हा विषय केवळ महानगरांचा आहे असे मात्र नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतील १२५ तालुके समाविष्ट झाले. त्यात दूरच्या गावांतील मुलींना शाळेत नेण्यासाठी एस. टी.च्या निळ्या बसगाड्या देण्यात आल्या, आणि शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली. जवळच्यांना सायकल आणि लांबच्यांना बस, ही विभागणी शासनाच्या योजनेनेच मान्य केलेली आहे. शिक्षकांना याचा परिणाम ठाऊक आहे. वाहन नाही म्हणून सातवीनंतर घरी बसणारी मुलगी त्यामुळे दहावीच्या वर्गात दिसू लागते. तीच मुलगी पुढे शिक्षणासाठी शहरात जाते तेव्हा मात्र तिला सायकल सोडावी लागते. कारण तेथे रस्ता तिच्यासाठी सुरक्षित नसतो, आणि वसतिगृहापासून थांब्यापर्यंतचे अंधारे अंतर तर त्याहूनही नसते.

शहरालगतच्या पंचायतींकडे आज जी संधी आहे ती महापालिकांकडे राहिलेली नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावांचा समावेश झाला. नगर रस्त्यावरील वाघोली हे त्यांतलेच. या गावांतील अनेक रस्ते मुळात बैलगाडीच्या मापाचे होते आणि त्यांच्या दोन्ही कडांना इमारती उभ्या राहिल्यावर ते रुंद करणे दुरापास्त झाले. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या शहरांभोवतीही गावे वाढत आहेत. तेथील पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि ओढ्याकाठच्या वहिवाटी बहुधा मोठ्या रस्त्याला आडव्या येऊन फाट्यावर मिळतात. सायकलीला हव्या असतात त्या याच वाटा. त्या अतिक्रमणात गेल्या की पुढे भूसंपादनाला लागणारी रक्कम कोणत्याही पंचायतीच्या आवाक्यात राहत नाही. गावनकाशावर त्यांची नोंद आहे ना, मोजणी झाली आहे ना, आणि नवीन गृहप्रकल्पाच्या आराखड्यात त्या बुजविल्या जात नाहीत ना, हे ग्रामसभेत विचारण्यास कोणत्याही निधीची आवश्यकता नाही.

शाळांनाही यात काम आहे. एका तासात वर्गातील प्रत्येक मुलाकडून घर ते शाळा ही वाट कागदावर काढून घ्यावी आणि भीती वाटते त्या जागी फुली मारावयास सांगावे. तीस मुलांच्या फुल्या एकाच वळणावर पडल्या, तर अभियंत्याला निराळ्या पाहणीची गरज उरत नाही. तो कागद मुख्याध्यापकांच्या पत्रासह पंचायतीकडे आणि बांधकाम विभागाकडे जावा.

फाट्यावरचे जुने हॉटेल आता अनेक ठिकाणी राहिलेले नाही. रस्ता चौपदरी झाला, कडुलिंब तुटला, उड्डाणपूल आला आणि एस. टी. पुलाखाली थांबू लागली. तेथे उतरणाऱ्या माणसाला गावापर्यंतचे तीन किलोमीटर आजही जावयाचे असतात. अशा थांब्याचा नवा आराखडा मंजुरीस येईल तेव्हा त्यात दहा सायकलींपुरती छपराखालची जागा दाखविली आहे की नाही, एवढे एक पाहणे संबंधित सदस्य व अधिकारी यांच्या हाती आहे.